पडदेवाली आणि सव्वीस नंबर

घड्याळवाल्या काकांना पडदेवाली किती माहीत होती? खरं सांगायचं तर फारशी नाही. एकाच इमारतीत अकरा वर्षं वर-खाली राहून, त्यातले शेवटचे तीन महिने जवळजवळ रोज तिच्याकडे जाऊन-येऊनही, तिचं लग्न झालं होतं की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिच्या भिंतीवर फोटोची एक चौकट उलटी टांगलेली होती. तिच्यात कोण आहे हे त्यांनी कधी विचारलं नाही. जखमी पक्षी सांभाळायचा उद्योग तिनं कधी आणि कशापायी मागे लावून घेतला, तेही नाही. ती तोंडावर फडकं का बांधायची याचं त्यांना अर्धंच कारण माहीत होतं, आणि उरलेलं अर्धं कळलं तेव्हा विचारायला ती राहिली नव्हती.

तिची धाकटी बहीण घर रिकामं करायला आली तेव्हा म्हणाली, "काका, तुम्ही होतात तिच्याबरोबर. वरच्या खोलीत तिचं काय चालायचं ते चार ओळींत लिहून द्या ना. आम्हाला कुणाला कधी काही सांगायची नाही."

काका "बघतो" म्हणाले. जन्मभर घड्याळाला बांधायच्या चिठ्ठ्यांपलीकडे त्यांनी काही लिहिलेलं नाही. 'मी' म्हणून लिहायचा धीर होत नाही, तेव्हा काकांना इथे काकाच म्हटलं आहे.

ती पडदे शिवायची. गळ्यात टेप आणि ओठांत टाचण्या. टाचण्या सांभाळत बोलायची, त्यामुळे साधं "या, बसा" म्हणाली तरी रागावल्यासारखी वाटायची. मुळात बाई भित्री. लिफ्टमध्ये पाऊल टाकायची नाही. पडद्यांचे गठ्ठे कडेवर घेऊन चार मजले जिन्यानं चढायची. दाराच्या घंटेला दचकते म्हणून घंटेला तिनं जाड कापडाची टोपी शिवून घातली होती. बटण दाबलं की आत कुणाचा तरी गळा दाबल्यासारखा आवाज यायचा. फोन वाजला की आधी त्याच्याकडे बघत उभी राहायची आणि मग उचलायची.

"मी काही शूरबिर नाही हं," ती एकदा म्हणाली होती. "मला सगळ्याचीच भीती वाटते. म्हणून तर पन्नाशी गाठली."

तीन महिन्यांपूर्वी एका सकाळी ती काकांच्या दारात उभी राहिली. दार सुनेनं उघडलं.

"काकांकडे बारीक चिमटा आहे का? घड्याळाचा?"

"चिमटा आहे, माणूसपण आहे," सून म्हणाली. "दोन्ही घेऊन जा. सकाळपासून खिडकीत बसून आहेत, एक अक्षर बोलत नाहीत. बाबा, ऐकलंत का? तुमच्याकडे काम आलंय."

दुकान बंद करून त्यांना तीन वर्षं झाली होती. उजव्या हाताचा अंगठा थरथरायला लागला होता. एका गिऱ्हाइकाच्या मनगटी घड्याळाची कमान, आतली बारीक स्प्रिंग, त्यांच्या चिमट्यातून उडाली, आणि ते गिऱ्हाईक नुसतं त्यांच्या हाताकडे बघत राहिलं. त्या दिवशी त्यांनी शटर ओढलं. त्यानंतर चिमट्याला हात लावायचा म्हटलं की त्यांना घाम फुटायचा.

पण नाही म्हणायलाही धीर लागतो. तो त्यांच्यापाशी नव्हता. ते गेले.

वर, पडदे बेतायच्या लांब टेबलावर, टॉवेलात गुंडाळलेली एक घार होती. डोक्यावर कापडी टोपी, पंजांना मऊ पट्ट्या. शेजारी पक्ष्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. वयानं काकांच्या नातीएवढ्या, पण नजर अशी की काकांनी चपला दाराबाहेर काढल्या, पुन्हा सरळ लावल्या आणि मगच आत आले.

पडदेवालीनं घारीचा डावा पंख हळूच पसरला. सहा लांब पिसं अर्ध्यातून सपकन कापलेली होती. कुणीतरी तिला गॅलरीत पाळायला ठेवलं होतं आणि उडू नये म्हणून कात्री चालवली होती. चार दिवसांनी शेजाऱ्यांनी दवाखान्यात कळवलं.

"नवी पिसं यायला वर्ष लागेल," पडदेवाली कुजबुजली. "वर्षभर डांबून ठेवली तर घार राहील, पण घारीत काही राहणार नाही. म्हणून दुसरी पिसं जोडायची. पीस आतून पोकळ असतं. मेलेल्या घारींची मी ठेवलीयत."

तिनं पडद्यांच्या नमुन्यांचं जाडजूड पुस्तक उघडलं. प्रत्येक पानावर कापडाच्या तुकड्याऐवजी टाचलेलं पाकीट, त्यावर तिच्या बारीक अक्षरात: घार, डावा, तिसरं. घार, डावा, चौथं. काकांना वाटलं, सुट्या भागांचा असा नीट खण त्यांच्या दुकानातसुद्धा कधी नव्हता.

काम सोपं होतं, म्हणजे सांगायला. बांबूची काडी तासून तासून इतकी बारीक करायची की तिचं एक टोक घारीच्या कापलेल्या पिसाच्या खुंटात जाईल आणि दुसरं जुन्या पिसाच्या नळीत. जरा जाड झाली तर नळी फाटणार, जरा बारीक राहिली तर पीस फिरणार. गोंदाचा एक थेंब. थेंब शेजारच्या पिसाला लागला तर पंख कायमचा चिकटणार.

"माझा हात हलतो," काका म्हणाले.

"माझापण हलतोय, बघा," पडदेवालीनं हात पुढे केला. खरंच हलत होता. "म्हणून मी टेबलाला टेकवते. तुम्हीपण टेकवा."

डॉक्टरांनी घारीला झोपेचं औषध दिलं. काकांनी डोळ्याला भिंग लावलं. पुढचे दोन तास त्या खोलीत कानशीच्या खर्र-खर्रशिवाय आवाज नव्हता. काकांना वाटत होतं की आता अंगठा दगा देणार, आता देणार. प्रत्येक पिसागणिक त्यांच्या पाठीवरून घामाचा एक ओघळ खाली जात होता. सहावं पीस बसलं तेव्हा डॉक्टर वाकून बघत म्हणाल्या, "आजोबा, जोड कुठला तेच कळत नाहीये." दोन पिसं तेवढी जरा फिकट होती, म्हाताऱ्या घारीची होती ती.

घरी येऊन काकांनी हात धुतले आणि बराच वेळ ते हातच बघत बसले.

घारीला नाव नव्हतं. ती सव्वीस नंबरची घार होती. गच्चीवरच्या लांबट खोलीत तिची सोय होती. खोलीला चहूकडून जाड करडे पडदे, आत आडव्या दोन काठ्या, आणि एका बाजूला पडद्यात हातभर चीर, जिच्यातून चिमट्यानं मांस आत टाकायचं. दाराशी पुठ्ठ्यावर नियम लिहिलेले होते. आत बोलायचं नाही. तोंड आणि डोकं झाकायचं. नाव ठेवायचं नाही. खोकला आला तर जिन्यात जायचं.

"इतकं कशाला?" काकांनी विचारलं होतं. "ती काय आपलं ऐकतेय?"

पडदेवालीनं ओठांतल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या. नीट बोलायचं असलं की ती असं करायची.

"काका, हाड जुळतं, पीस जोडता येतं. भीती गेली तर ती कुठून आणायची? माझी अकरा नंबरची घार अशीच गेली. मला लळा लावायची हौस होती तेव्हा. तिच्याशी बोलायचे, हातानं भरवायचे. सोडल्यावर तिसऱ्या दिवशी ती एका शाळेच्या अंगणात उतरली. मुलांच्या डब्यांपाशी. तिला वाटलं, माणसं म्हणजे जेवण. लोकांना वाटलं, मुलांवर झडप घालतेय. काठीनं मारली. मी पोचले तेव्हा..." ती थांबली. "मला बघून ती तशातही चोच उघडून खायला मागत होती."

पुन्हा टाचण्या ओठांत गेल्या. विषय संपला.

दुपारी तिला लोकांच्या घरी पडदे टांगायला जावं लागे. म्हणून तीनच्या खाण्याचं काम काकांकडे आलं. फडकं बांधायचं, चिरीतून सहा तुकडे टाकायचे, तिथूनच बघायचं, ती किती वेळा या काठीवरून त्या काठीवर उडाली ते वहीत लिहायचं आणि आवाज न करता खाली यायचं. एवढंच.

आठ दिवस काकांनी अगदी एवढंच केलं.

नवव्या दिवशी उडताना घारीचा पंख पडद्याच्या कडीला लागला आणि ती खाली आपटली. काकांना वाटलं, जोड गेला. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "लागलं का गं?"

घारीनं मान तिरपी केली. तपकिरी डोळा चिरीकडे लागला.

बस, एवढंच झालं होतं. पण दुसऱ्या दिवशी काकांनी विचारलं, "बरं वाटतंय का आज?" तिसऱ्या दिवशी सांगितलं की आज हवेत उकाडा फार आहे. त्यांचं मन त्यांना खात होतं, पण मनाची समजूत घालायला ते तयार होते: पक्षी आहे, त्याला काय कळतंय, आणि मी तर हळूच बोलतो. चौथ्या-पाचव्या दिवशी ते बायकोबद्दल बोलले. ती गेली त्या दुपारी ते दुकानात एका बाईंच्या घड्याळाचा काटा बसवत होते. निरोप आला, तरी काटा बसवूनच उठले, कारण अर्धवट काम टाकायची सवय नव्हती. पोचले तेव्हा उशीर झाला होता. हे त्यांनी मुलाला सांगितलं नव्हतं, सुनेला नव्हतं, कुणालाच नव्हतं. करड्या पडद्याच्या चिरीतून त्यांनी ते एका घारीला सांगितलं, आणि ती ऐकत बसली.

पुढे पुढे ते जिन्यात खाकरले की आत पंखांची फडफड व्हायची. वर पोचेपर्यंत ती चिरीपाशी येऊन बसलेली असायची. फडकं बांधलं की आवाज नीट जात नाही, म्हणून काकांनी फडकं काढलं. एक दिवस चिमटा घरी राहिला. त्यांनी तुकडा बोटांत धरला. घारीनं तो इतक्या अलगद घेतला की बोटाला चोच लागलीसुद्धा नाही.

त्या दिवशी ते जिना उतरताना शीळ घालत होते. दारात सून उभी.

"काय हो बाबा, दुपारचे कुणाशी बोलत असता वर? कपडे वाळत घालताना आवाज येतो तुमचा. घरात चार शब्द काढायचे म्हटले तर तोंडाला कुलूप, आणि तिकडे अगदी कीर्तन चालू!"

काका चपला काढायला वाकले. "मी? छे. खोकत असेन."

"बरंच मोठं वाक्य खोकता मग," सून म्हणाली आणि हसत आत गेली.

काका मात्र हसले नाहीत. जिन्यात उभे राहून त्यांनी ठरवलं, उद्यापासून एक शब्द नाही. पण उद्या डॉक्टरच आल्या.

सोडण्याआधी पारख करायची असते. माणूस आत गेला की पक्ष्यानं लांबच्या टोकाला पळायला हवं, पिसं फुलवायला हवीत, फिस्कारायला हवं. तिघं फडकी बांधून आत गेली. पुढे डॉक्टर, मागे पडदेवाली, दाराशी काका. घार एका झेपेत पलीकडच्या काठीवर गेली. चोच उघडी, पंख अर्धे पसरलेले.

"छान," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाल्या. "पंख तर एक नंबर चाललाय."

काकांना खोकल्याची उबळ येत होती. ते मागे सरकायला लागले. जिन्यात जायचं, खोकला आला तर जिन्यात जायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. पण मागे पडद्यात पाय अडकला, आणि ते खाकरले.

घारीनं पंख मिटले. मान तिरपी केली. मग डॉक्टरांच्या डोक्यावरून, पडदेवालीच्या खांद्यावरून ती सरळ आली आणि काकांच्या कानापाशी, दाराच्या चौकटीवर येऊन बसली. चोच उघडून पिलासारखी बारीक चिरकली.

कुणी हललं नाही. पडदेवालीच्या फडक्यावरचे डोळे काकांनी पाहिले. त्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. होती ती निव्वळ धास्ती.

गच्चीवर आल्यावर डॉक्टरांनी फडकं काढलं. "ही सोडता येणार नाही, ताई. पंधरा दिवस देते. तोवर माणसाला भ्यायली नाही, तर प्राणिसंग्रहालयात पाठवायची. जन्मभर पिंजऱ्यात. नाहीतर तुमच्या अकरा नंबरसारखं होईल."

"माझंच चुकलं," पडदेवाली म्हणाली. "मागच्या आठवड्यात चिरीपाशी फडकं सुटलं होतं माझं. तोंड दिसलं असणार. मला हे काम जमत नाही, डॉक्टर. तुम्ही पुढे पक्षी पाठवू नका. ही शेवटची." आणि ती गच्चीच्या पायरीवर मटकन बसली. तिला धाप लागली होती. काकांना वाटलं, धक्क्यानं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. काका जिना उतरून घरी आले.

ते तीन दिवस काकांनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. जिन्यात पावलं वाजली की ते बाथरूममध्ये जायचे. जेवणाच्या ताटावर बसले की डोळ्यांसमोर शाळेचं अंगण यायचं आणि काठी. कधी पिंजरा यायचा. पिंजऱ्यातली घार कुणी खाकरलं की गजांपाशी येऊन बसते आहे, दहा वर्षं, पंधरा वर्षं. ती काकांपेक्षा जास्त जगणार होती. पडदेवाली खाली-वर करताना एका पायरीवर थांबून श्वास घ्यायची तो आवाज त्यांना दारातून ऐकू यायचा, आणि प्रत्येक वेळी वाटायचं, ती आपल्याच दाराशी थांबली आहे, आता घंटा वाजणार.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सुनेनं विचारलं, "बाबा, काही झालंय का? तुम्ही नेहमी बोलत नाही ते वेगळं. हे वेगळंच न बोलणं आहे."

काकांनी तिच्याकडे कागद मागितला. बोलणं जमणारच नव्हतं. त्यांनी लिहिलं: 'तुमची चूक नाही. मी रोज तिच्याशी बोललो. फडकं काढलं. हातानं भरवलं. तुम्ही शेवटची म्हणू नका. मला येऊ देऊ नका.' चिठ्ठी घेऊन चौथ्या मजल्यावर गेले, दाराखालून सरकवली, आणि चोरासारखे खाली पळाले. या वयात जिना असा उतरलेले त्यांना स्वतःलाच आठवेना.

दहा मिनिटांत ती दारात होती. ओठांत टाचण्या नव्हत्या.

"किती दिवस बोलत होतात?"

"एकवीस."

"काय बोलायचात?"

काकांनी मान खाली घातली. ती शिव्या देईल असं त्यांना वाटलं. ते वाट बघत राहिले.

"घरात सूनबाई आहे, मुलगा आहे," ती शेवटी म्हणाली, "आणि तुम्हाला माझी घारच सापडली?"

आतून सून म्हणाली, "मी तेच म्हणते!"

पडदेवालीच्या तोंडावर हसू आलं नाही. "उद्या तीनला या. पत्र्याचा डबा आणि पळी घेऊन या. फडकं बांधू नका."

"मी? मला आता तिच्याजवळ कशाला..."

"तुमच्याशिवाय कोण करणार? मी भिववली तर ती मला भिईल, तुम्हाला नाही. जो आवाज तिला गोड लागतो, त्याच आवाजाचं तिला भय बसलं पाहिजे. तुम्ही लावलेला लळा आहे, काका. तो तुम्हीच तोडायचा."

त्या रात्री काकांचा डोळा लागला नाही. ते जन्मात कुणावर ओरडले नव्हते. मुलावर नाही, दुकानातल्या पोरावर नाही. आणि आता ओरडायचं होतं ते त्या एकाच जिवावर, ज्याच्यापाशी ते मोकळे झाले होते.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता ते जिन्यात खाकरले. आत फडफड झाली. दार उघडून ते उघड्या तोंडानं आत गेले. घार चिरीपाशीच होती. पडदेवाली पडद्याआड पाण्याची पिचकारी घेऊन उभी होती. तिची नुसती सावली दिसत होती.

"बोला," ती कुजबुजली. "नेहमीसारखं."

"बरं वाटतंय का आज?" काका म्हणाले.

घार जवळच्या काठीवर आली. मान तिरपी.

"आता!"

काकांनी डब्यावर पळी मारली. टिंग असा आवाज झाला. एखाद्यानं चहाला बोलवावं तसा. घार एक वीत मागे सरकली आणि परत पुढे आली. तिनं चोच उघडली.

"काका," पडद्याआडून आवाज आला, आणि त्या आवाजाला कंप होता, "ती शाळेच्या अंगणात उतरलीय. काठी घेऊन माणूस येतोय. तुम्ही तिला तिथे बघताय. ओरडा!"

काका ओरडले. काय ओरडले ते त्यांना आठवत नाही. डबा बडवला, हात फिरवले, पिचकारीचं पाणी घारीच्या तोंडावर बसलं. ती भिंतीवर आपटत लांबच्या टोकाला गेली आणि तिथून त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत भीती नव्हती अजून. नुसतं न कळणं होतं. काकांना ते भीतीपेक्षा वाईट वाटलं.

गच्चीवर येऊन ते कठड्याला धरून उभे राहिले. पडदेवालीनं पाण्याचा पेला दिला. "उद्या परत," ती म्हणाली. दुसरं काही नाही.

रोज तीच वेळ, तेच खाकरणं, तेच "बरं वाटतंय का", आणि मग डबा. तिसऱ्या दिवशी ती आली, पण अर्ध्या वाटेतून फिरली. पाचव्या दिवशी आलीच नाही. सातव्या दिवशी काका जिन्यात खाकरल्याबरोबर आत ती इतक्या जोरानं पडद्यावर आदळली, की जोडलेल्या पिसांच्या काळजीनं दोघं भिंतीला टेकून बसली. नवव्या दिवशी काकांनी दारातून डोकं आत घातलं तर ती वरच्या कोपऱ्यात अंग फुलवून फिस्कारत होती. तपकिरी डोळ्यांत आता ओळख होती, पण ती वेगळीच ओळख. चोराची असते तशी.

"झालं," पडदेवाली म्हणाली.

"झालं," काका म्हणाले, आणि डबा खाली ठेवताना त्यांच्या लक्षात आलं की अंगठा हलत नाहीये.

डॉक्टर आल्या, बघून गेल्या, हो म्हणाल्या. सोडायचा दिवस ठरला. काकांनी सदरा बदलला, पण पडदेवाली म्हणाली, "तुम्ही खालीच थांबा, काका. जाताना तुमचा आवाज नको तिच्या कानात." ते फाटकापाशी मान वर करून उभे राहिले. सकाळचं ऊन नुकतं वरच्या मजल्यांवर आलं होतं. गच्चीच्या कठड्यावरून काहीतरी तपकिरी निघालं, आधी खाली बुडालं. मग ते उचललं गेलं, उंच गेलं, आणि डाव्या पंखात दोन फिकट पिसं उन्हात स्पष्ट दिसली. काकांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

त्यानंतर खरी धास्ती सुरू झाली. काका रोज सकाळी सुनेच्या आधी वर्तमानपत्र घ्यायचे आणि आतली लहान बातमीसुद्धा सोडायचे नाहीत. शाळेवरून जाताना मुलांचा गलका ऐकला की थांबायचे. कुठे चार माणसं गोल करून उभी दिसली की वाट वाकडी करून बघायला जायचे. तिथे कुणाची तरी स्कूटर बंद पडलेली असायची. पडदेवाली जिन्यात भेटली की दोघं एकमेकांना नुसतं बघायची. 'काही कळलं?' 'नाही.' एवढं डोळ्यांनीच व्हायचं. ती आता प्रत्येक मजल्यावर थांबत होती. फडकं तर ती जिन्यातसुद्धा बांधायला लागली होती. काकांना वाटायचं, सवय.

विसाव्या दिवशी दुपारी, तीनच्या सुमारास, काका खिडकीत बसले होते. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर एक घार येऊन बसली. तिनं डावा पंख ताणला आणि चोचीनं साफ करायला घेतला. दोन पिसं फिकट.

इतक्या जागा सोडून ती इथेच का आली? तीन वाजता का आली? माझ्यासाठी तर आली नाही? खिडकी बंद करावी आणि बघूच नये असं काकांना वाटलं. बघितलं नाही तर काहीच खरं होणार नाही. पण मग जन्मभर प्रत्येक शाळेवरून जाताना तेच होणार होतं.

ते उठले. खिडकीच्या गजांना धरलं. आणि मुद्दाम, मोठ्यानं, खाकरले.

घारीनं मान वळवली. तिरपी केली. एक क्षण ती तशीच बघत राहिली, आणि काकांनी मनात म्हटलं, नको येऊस, बाई, नको येऊस.

ती टाकीवरून उडाली ती त्यांच्या उलट्या दिशेला. पंख मारत, घाईनं, मागे न बघता. छपरांच्या वरून लहान लहान होत गेली.

काका लिफ्टची वाट न बघता दोन मजले चढले. कापडाच्या टोपीवरून घंटा दाबली. पडदेवालीनं दार उघडलं. आत एक छोटी बॅग भरून ठेवलेली दिसत होती.

"आली होती," काका धापा टाकत म्हणाले. "टाकीवर. मी खाकरलो. पळाली!"

"पळाली?"

"मला बघून. जीव घेऊन पळाली."

पडदेवालीनं दाराला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. काकांनी तिला पहिल्यांदाच असं बिनधास्त उभं राहिलेलं पाहिलं. मग तिनं बॅगेकडे बघितलं. दवाखान्यात दोन दिवस तपासायला बोलावलंय, म्हणाली. विशेष काही नाही. पिसांची बारीक धूळ वर्षानुवर्षं तिच्या छातीत साठत होती आणि पक्षी सोडा असं तिला दोन वर्षांपूर्वीच सांगितलेलं होतं, हे काकांना तिच्या बहिणीकडून कळलं, तेरा दिवसांनंतर, ती घर रिकामं करायला आली तेव्हा. त्या दुपारी दारात त्यांनी तिच्या फडक्याकडे बघितलं आणि त्यांना वाटलं, सवय.

"तुमची पळी माझ्याकडेच राहिलीय," ती म्हणाली. "सूनबाई शोधत असेल."

"असू दे. घाई नाही."

"आल्यावर देते."

"लिफ्टनं जा खाली. बॅग आहे."

"छे हो," पडदेवाली म्हणाली. "भीती वाटते."